खुडूक कोंबडी : बसवायची की उठवायची? (परिसर अभ्यास, विज्ञान आणि गणित यांना जोडणारा पाठ)



"काय खुडूक कोंबडीसारखा बसलायस? ऊठ जरा!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. काहींनी ते वर्गात वापरलेलंही असेल. पण खुडूक कोंबडी म्हणजे नेमकी कशी कोंबडी, ती तशी का बसते आणि ती बसली की घरातल्यांनी काय करायचं, हे विचारलं तर शहरातली मुलं गप्प होतात. गावाकडच्या मुलांचे मात्र दहा हात वर होतात, आणि दहा जण दहा उपाय सांगतात. त्यातले दोन-तीन उपाय ऐकून आपल्याच अंगावर काटा येतो.

म्हणून हा पाठ. ज्यांच्या घरी पाच-दहा कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. ज्यांच्या घरी नाहीत त्यांच्या मुलांसाठी सजीवांची वाढ, संप्रेरकं, ऋतू, टक्केवारी आणि प्राण्यांशी वागणूक इतकं सगळं एकाच टोपलीत बसलेलं आहे.

पाठाचा गाभा एका वाक्यात सांगतो. कोंबडी खुडूक झाली की दोन-तीन दिवसांत ठरवायचं, तिला अंड्यांवर बसवायचं की तिची खुडूक मोडायची. काहीच न ठरवता तिला रिकाम्या टोपलीत बसू देणं हे सगळ्यात वाईट.

खुडूक म्हणजे काय?

कोंबडी रोज किंवा दिवसाआड अंडी घालत असते. मग एक दिवस ती अंडं घालून उठतच नाही. टोपलीत, खुराड्याच्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या ढिगात, कधी घरातल्या जुन्या कपड्यांवर ती पसरून बसते. याला आपण 'कोंबडी खुडूक झाली' म्हणतो. कोकणात 'रवणाला बसली' असंही म्हणतात. मुलांकडून त्यांच्या घरचा शब्द विचारून घ्या. फळ्यावर तीन-चार शब्द सहज जमतात आणि भाषेचा तास आपोआप होतो.

खुडूक कोंबडी ओळखायच्या खुणा मुलांनाच सांगू द्या. त्यांच्या बोलण्यातून साधारण ही यादी तयार होते :

१. ती रात्रीसुद्धा दांडीवर किंवा नेहमीच्या जागी न जाता अंड्यांच्या जागीच बसून राहते.
२. जवळ गेलं की पिसं फुलवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते, हात घातला तर टोचते.
३. चालताना थांबून थांबून 'कुडुक्‌ कुडुक्‌' असा आवाज करते. तो एकदा ऐकला की 'खुडूक' हा शब्द किती चपखल आहे ते कळतं.
४. दिवसातून एखाद्या वेळीच उठते. घाईघाईने दाणे खाते, पाणी पिते, मोठी आणि घाण वासाची विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि पुन्हा जाऊन बसते.
५. पोटाखालची, छातीवरची पिसं गळालेली किंवा तिने स्वतः उपटलेली असतात. तिथली उघडी त्वचा गरम लागते.
६. अंडी घालणं बंद होतं.

इथे एक प्रश्न विचारून ठेवा : "पोटाखालची पिसं ती का उपटत असेल?" लगेच उत्तर देऊ नका. मुलं विचार करू लागली की कोणी तरी बरोबर सांगतंच. पिसं उष्णता अडवतात. अंड्याला अंगाची ऊब थेट मिळावी म्हणून मधला पिसांचा अडसर दूर होतो.

ती आजारी आहे का? हट्टी आहे का?

दोन्ही नाही. तिच्या शरीरात बदल झालेला असतो.

मेंदूच्या तळाशी पियूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडलं जातं. दिवस मोठे होऊ लागले, जागा अंधारी, उबदार आणि आडोशाची मिळाली, टोपलीत अंडी साठत गेली आणि त्यांचा स्पर्श पोटाला होत राहिला, की गावरान कोंबडीच्या रक्तातलं प्रोलॅक्टिन वाढतं. ते वाढलं की अंडाशयाचं काम थांबतं आणि बसण्याची ओढ सुरू होते. बसल्यामुळे अंड्यांचा स्पर्श होत राहतो, स्पर्शामुळे प्रोलॅक्टिन वाढलेलं राहतं, आणि प्रोलॅक्टिनमुळे ती बसून राहते. हे चक्र मुलांना बाणांची आकृती काढून दाखवा. पुढे खुडूक कशी मोडायची ते या आकृतीतूनच समजणार आहे.

आठवी-नववीच्या मुलांना एक जोड सांगता येईल. माणसासह सर्व सस्तन प्राण्यांच्या मादीला बाळंतपणानंतर दूध येतं, त्यामागेही प्रोलॅक्टिनच असतं. कबुतर पिल्लांना आपल्या गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखा पदार्थ भरवतं, तोही याच संप्रेरकामुळे तयार होतो. एकच संप्रेरक, तीन प्रकारचं आईपण. कबुतरात तर बापही हे काम करतो, हे सांगितल्यावर वर्गात नक्की चर्चा होते.

मग पोल्ट्रीतल्या कोंबड्या खुडूक का होत नाहीत? कारण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अशाच कोंबड्या निवडल्या, ज्या बसत नाहीत आणि अंडी घालत राहतात. पांढरी लेगहॉर्न हे त्याचं ठळक उदाहरण. अंड्यांसाठी तयार केलेल्या तिच्या जाती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात आणि पिल्लं यंत्रात उबवली जातात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, पण ती स्वतः उबवते, पिल्लं वाढवते, घार दिसली की पंखाखाली घेते. असील जातीच्या कोंबड्या तर चांगल्या आया म्हणूनच ओळखल्या जातात. पोल्ट्रीने अंडी मिळवली आणि आई गमावली, असं एका मुलाने आपल्या वहीत लिहिलं होतं. याहून चांगलं मला लिहिता आलं नसतं.

ठरवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

कोंबडी खुडूक झाली की घरात या पाच प्रश्नांची उत्तरं शोधायची :

१. आपल्याकडे कोंबडा आहे का? नसेल तर अंडी फलित नाहीत. वर्षभर बसवलं तरी पिल्लू निघणार नाही.
२. हवामान कसं आहे? विदर्भ-मराठवाड्यातल्या ऐन उन्हाळ्यात अंडी साठवतानाच खराब होऊ लागतात आणि बसलेल्या कोंबडीलाही उष्णतेचा त्रास होतो. थंडीचे दिवस चांगले.
३. कोंबडी धडधाकट आहे का? बसलेल्या काळात ती फार कमी खाते आणि तिचं वजन चांगलंच उतरतं. आधीच छातीचं हाड हाताला लागत असेल तर तिला बसवू नये.
४. पिल्लांना सुरक्षित जागा आहे का? मांजर, मुंगूस, कावळा, घार आणि साप हे सगळे पिल्लांचे गिऱ्हाईक आहेत.
५. निघालेल्या पिल्लांत जवळजवळ निम्मे कोंबडे असतील. त्यांचं काय करायचं ते ठरलं आहे का?

सगळी उत्तरं 'हो' आली तर पहिली वाट. एखादं महत्त्वाचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरी. पाचवीच्या मुलांना हे प्रश्न प्रवाह आकृतीत मांडायला द्या. निर्णय कसा घ्यायचा हे शिकवणारा याहून सोपा धडा क्वचितच सापडेल.

वाट पहिली : कोंबडी बसवणे

आधी दोन दिवस परीक्षा घ्या. एक-दोन साधी अंडी खाली ठेवून बघा, ती रात्रीही टिकून बसते का. बसली तर खरी अंडी ठेवायची.

अंडी : सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी नकोत. तोपर्यंत ती घरातल्या थंड जागी, टोकाची बाजू खाली करून ठेवावीत. गावरान कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात. लोभाने अठरा ठेवली तर कडेची गार पडतात. ती आत-बाहेर फिरत राहतात आणि सगळ्याच अंड्यांचं नुकसान होतं.

जागा : रुंद टोपली किंवा पाटी, तळाला थोडी माती किंवा राख आणि वर कोरडा पेंढा. जागा शांत, सावलीची आणि बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी हवी. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या तिथेच रोज नवी अंडी घालत राहतात आणि कोणतं अंडं किती दिवसांचं तेच कळत नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवायची म्हणजे पिल्लं एकदम निघतात. कोंबडी नव्या जागी हलवायची तर रात्री हलवावी, ती कमी बिथरते.

रोजची काळजी : जवळच पाणी आणि ज्वारी, मका किंवा तांदळाचे दाणे. ती दिवसभरात उठलीच नाही तर दोन्ही हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवायची. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघायचं. पंधरा-वीस मिनिटं फिरून, खाऊन ती परत येते. तेवढ्या वेळात अंडी खराब होत नाहीत. शेजारी राख आणि कोरड्या मातीचा खड्डा ठेवला तर ती त्यात लोळून अंगावरच्या उवा-पिसवा झटकते. बसलेल्या कोंबडीला त्यांचा त्रास फार होतो.

आता अंड्याच्या आत काय चाललंय? मुलांना याचीच सगळ्यात जास्त उत्सुकता असते. फळ्यावर एकवीस चौकोनांची पट्टी काढा आणि त्यात भरत जा :

• दिवस २ : हृदय धडधडू लागतं.
• दिवस ७ : अंधारात अंड्यामागे टॉर्च धरली तर लाल शिरांचं जाळं दिसतं. मोबाईलच्या टॉर्चवर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवला की झालं आपलं यंत्र. ज्यात काहीच दिसत नाही ते अंडं फलित नाही. ते काढून टाकायचं, कारण ते कुजून फुटलं तर बाकीची अंडी घाण होतात.
• दिवस १४ : पिल्लाचं डोकं अंड्याच्या रुंद बाजूकडे वळू लागतं. तिथे हवेची पोकळी असते.
• दिवस १८ पासून : अंड्यांना हात लावायचा नाही. तोपर्यंत कोंबडी चोचीने अंडी दिवसातून अनेकदा फिरवत असते, म्हणजे आतलं पिल्लू कवचाच्या पापुद्र्याला चिकटत नाही. आता ती फिरवणं थांबवते.
• दिवस १९-२० : उरलेला पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. चोच हवेच्या पोकळीत शिरते आणि पिल्लू पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेतं. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी तिला उत्तर देते.
• दिवस २१ : चोचीवरच्या बारीक टणक टोकाने कवच फोडून पिल्लू बाहेर येतं.

पिल्लू बाहेर येताना मुलांचे हात शिवशिवतात. "सर, मी कवच काढून देऊ का?" असं विचारणारं एक तरी असतंच. नाही द्यायचं. कवच फोडायला पिल्लाला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात शिरांमधलं रक्त शरीरात परत जात असतं. घाईने सोललं तर रक्तस्राव होतो. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज तग धरतं, म्हणून ओलं पिल्लू बघून लगेच दाणे भरवायचीही घाई नको.

पिल्लं निघाल्यावर मानमोडीची लस कधी आणि कशी द्यायची ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. गावातल्या पिल्लांचे सगळ्यात जास्त बळी हाच रोग घेतो.

वाट दुसरी : खुडूक मोडणे

आता ती बाणांची आकृती पुन्हा बघा. अंधार, ऊब, आडोसा आणि पोटाखालचा स्पर्श यांच्यावर प्रोलॅक्टिन टिकून आहे. म्हणजे खुडूक मोडायची तर या चारही गोष्टी काढून घ्यायच्या. उजेड द्यायचा, पोटाखालून वारा खेळू द्यायचा, पेंढा आणि अंडी दूर करायची. बस, इतकंच.

घरच्या घरी असं करता येतं :

१. तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या. पिंजरा नसेल तर भाजीचं भोकाभोकांचं प्लॅस्टिक क्रेट घ्या आणि त्यावर दुसरं उलटं घालून बांधा. आत कोंबडी नीट उभी राहिली पाहिजे.
२. तो दोन्ही बाजूंना विटा लावून जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. खाली पेंढा, पोतं, पुठ्ठा काही नको.
३. जागा उजेडाची, पण ऊन थेट न लागणारी. बाकीच्या कोंबड्या दिसतील अशी असली तर उत्तम.
४. दाणे आणि पाणी पूर्ण द्या. उपाशी ठेवायचं काही कारण नाही, उलट लवकर अंड्यावर यायचं तर तिला खायला हवंच.
५. रात्रीही त्यातच ठेवा, मांजर-मुंगसापासून सुरक्षित जागी.
६. तीन दिवसांनी सोडून बघा. ती बाकीच्यांबरोबर चरायला गेली तर काम झालं. पिसं फुलवून सरळ टोपलीकडे धावली तर आणखी एक-दोन दिवस आत.

पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सुरुवात केली तर तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. दोन आठवडे बसू दिल्यावर जागं झालात तर जास्त दिवस लागतात. मोडल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालू लागते.

पुन्हा पुन्हा खुडूक होऊ नये म्हणून रोज दोनदा अंडी उचलावीत आणि दुपारनंतर अंडी घालायची जागा बंद करावी. गावरान कोंबडी तरीही कधी ना कधी बसणारच, ते तिच्या रक्तातच आहे.

काय करू नये, आणि ते मुलांना कसं सांगावं

आता अवघड भाग. गावोगाव खुडूक मोडायचे काही जुने उपाय आहेत. कोंबडीला गार पाण्याच्या बादलीत बुडवणं. पाय बांधून ठेवणं. उलटी टांगणं. दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून डालग्याखाली कोंडणं. काही ठिकाणी तर तिच्याच पंखाचं पीस नाकपुड्यांतून आरपार घालतात. मुलं हे सांगतात तेव्हा काही हसतात, काही खाली बघतात.

यातलं प्रत्येक कृत्य आपल्या आकृतीवर ठेवून बघा. पाण्यात बुडवलं तर पोट गार पडतं खरं, पण थोड्या वेळापुरतंच. अंग वाळलं की ती पुन्हा बसते, आणि थंडीत ओली राहिली तर आजारी पडते. डालग्याखाली कोंडलं तर तिला हवा असलेला अंधार आणि आडोसा आपणच पुरवतो. उपाशी ठेवलं तर आधीच उतरलेलं वजन आणखी उतरतं आणि अंडी लांबतात. नाकात पीस घातलं तर जखम होते, खाता-पिता येत नाही. म्हणजे हे उपाय क्रूर आहेत आणि वर कुचकामीही आहेत.

पाठ्यपुस्तकात छापलेली मूलभूत कर्तव्यं इथे उघडा. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वाक्य घरच्या खुराड्यापर्यंत पोचतं, तेव्हा मुलांना त्याचा अर्थ कळतो.

पण एक गोष्ट फार जपून करा. हे उपाय करणारी व्यक्ती मुलाची आजी असते, आई असते. "तुझी आजी चुकते" असं वर्गात म्हटलं तर मूल एक तर आजीपासून तुटतं किंवा आपल्यापासून. आजीला पुष्कळ कळत असतं. कुठली कोंबडी चांगली बसते, अंडं हातात घेऊन कसं पारखायचं, कोणत्या महिन्यात बसवायचं, हे तिच्याकडूनच शिकावं. एवढ्या एका बाबतीत तिला सोपा उपाय दाखवायचा. मुलाने घरी जाऊन म्हणावं, "आजी, यावेळी बादली नको, मी चार दिवस क्रेटमध्ये ठेवून बघतो. दाणापाणी मीच बघेन." जबाबदारी मुलाने घेतली की आजी सहसा नाही म्हणत नाही. क्रेटने काम झालं की पुढच्या वेळी ती स्वतःच क्रेट शोधते.

गणिताचा तास : कोणती वाट परवडते?

खालचे भाव आणि आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. मुलांनी आपल्या गावातले भाव घालून गणित पुन्हा करावं.

पहिली वाट : १२ अंडी ठेवली, ९ पिल्लं निघाली, दोन महिन्यांनी ६ जगली. उबवणीचे २१ दिवस आणि पिल्लं सांभाळायचे ५६ दिवस, मिळून ७७ दिवस कोंबडी अंडी देत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला १५० रुपये धरले तर ६ × १५० = ९०० रुपये.

दुसरी वाट : १२ अंडी विकली, प्रत्येकी १२ रुपये, म्हणजे १४४ रुपये. खुडूक मोडून पुन्हा अंड्यावर यायला १४ दिवस. उरले ६३. दिवसाआड एक अंडं धरलं तर पहिल्या ३० दिवसांत १५ अंडी. मग ती पुन्हा खुडूक झाली, पुन्हा १४ दिवस गेले. शेवटच्या १९ दिवसांत ९ अंडी. एकूण २४ अंडी, २८८ रुपये. दोन्ही मिळून १४४ + २८८ = ४३२ रुपये.

आता खरा प्रश्न : किती पिल्लं जगली तर पहिली वाट परवडेल? ४३२ ला १५० ने भागलं तर २.८८ येतात. म्हणजे किमान ३ पिल्लं. त्यांच्या दाण्याचा खर्च धरला तर ४. सहा जगली तर फायदा चांगला, दोनच जगली तर तोटा.

इथे मुलांच्या लक्षात येतं की सगळा हिशोब पिल्लं जगण्यावर अवलंबून आहे. म्हणजे लस, रात्रीचं बंद खुराडं आणि मांजराचा बंदोबस्त हेच यातलं भांडवल. ज्या घरात कोंबड्यांच्या पैशातून वह्या-पेन आणि आठवडी बाजार होतो, त्या घरातल्या मुलाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. तेच बाकीच्यांना समजावतं.

वर्गासाठी उपक्रम

१. नोंदवही : ज्यांच्या घरी कोंबडी बसली आहे त्यांनी २१ दिवसांची नोंद ठेवावी. ती किती वाजता उठली, किती मिनिटांनी परतली, काय खाल्लं. आठवड्यातून एकदा वर्गात वाचन.

२. समज तपासूया : काही घरांत विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. हे खरं की नाही ते लगेच सांगू नका. "हे तपासायचं तर प्रयोग कसा मांडाल?" असं विचारा. एका टोपलीत लोखंड, दुसरीत नाही. मग अंडी, कोंबडी, जागा, दिवस सारखे हवेत का? एकेका टोपलीवरून निष्कर्ष काढता येईल का? वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात तो हाच.

३. टक्केवारी : वरच्या उदाहरणात अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण (९ पैकी १२ नव्हे, १२ पैकी ९, इथेच मुलं गोंधळतात) ७५ टक्के. ठेवलेल्या अंड्यांतून शेवटी जगलेली ५० टक्के. प्रत्येकाने आपल्या घरचं प्रमाण काढावं.

४. मुलाखत : घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी कोंबडी कशी बसवत? निदान दहा ओळी, त्यांच्याच बोलीत.

दोन सूचना. कोंबडी, अंडी किंवा पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. कोंबड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे पोटाचे आजार पसरतात. आणि केवळ मुलांना दाखवायचं म्हणून शाळेत अंडी उबवू नका. दिवाळीच्या सुट्टीत त्या पिल्लांना दाणे कोण टाकणार आणि मोठे झालेले कोंबडे कोणाच्या घरी जाणार, हे आधी ठरलेलं असेल तरच तो उपक्रम घ्या. बसलेल्या कोंबडीला भोवती चाळीस मुलांचा गराडाही नको. दोघा-तिघांनी लांबून बघून यावं आणि बाकीच्यांना सांगावं.

स्वाध्याय

१. कोंबडी खुडूक झाल्यावर अंडी घालणं का थांबवते?
२. अंधाऱ्या डालग्याखाली कोंडून खुडूक का मोडत नाही? आकृतीच्या आधारे सांगा.
३. ऐन मे महिन्यात, घरात कोंबडा असताना, कोंबडी खुडूक झाली. तुम्ही कोणती वाट निवडाल? दोन कारणं द्या.
४. पिल्लाचा भाव १०० रुपये झाला, तर पहिली वाट परवडायला किमान किती पिल्लं जगायला हवीत?
५. 'खुडूक कोंबडीसारखं बसणं' हा शब्दप्रयोग आळशी माणसासाठी वापरतात. एकवीस दिवस जेमतेम खाऊन-पिऊन, अंडी फिरवत बसणाऱ्या कोंबडीला तो शोभतो का? तुमचं मत लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं जमली तर जरूर कळवा. आमच्या वर्गात त्यावर मुलं तासभर भांडली, आणि शेवटी एकीने निकाल दिला, "सर, कोंबडी बसते तेव्हा काम चालू असतं. आम्ही बसतो तेव्हा बंद असतं."